मोकळ्या खोलीतला चोर

४ जून

पत्राला मायना घातलेला नाही. विसरलो असं समजू नकोस. ‘प्रिय’ लिहावं, तर तू म्हणशील बाबांना काहीतरी हवंय. आणि मला काहीतरी हवं आहेच, म्हणून लिहिलं नाही.

कॉम्प्युटर आचके देतोय. सकाळी बटण दाबून मी अंघोळ उरकतो, चहा पितो, तरी याचं आपलं पडद्यावर चक्र फिरतच असतं. मग घरभर ऐकू जाईल अशी ती धून वाजवतो, जसा काही मोठा पराक्रम केला. आणि त्यानंतर मलाच सांगतो की तुमची सिस्टिम जुनी झाली आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं डबा उघडलासुद्धा नाही, बाहेरून बोटानं वाजवला आणि म्हणाला, “काका, हा आता शोभेला ठेवा. नवा घ्या.” नव्याला आपल्या कोरणी मशीनची जाड वायर लागत नाही, हे तुला माहीत आहे. तसल्या पिना आता कोणी बनवत नाही. म्हणजे कॉम्प्युटर गेला की मशीन गेलं, आणि मशीन गेलं की हे पाट्यांचं दुकान गेलं. मग चौकात लेझरनं पाट्या कोरणाऱ्या त्या लेझरवाल्याला रान मोकळं. हा दुरुस्तीवाला आणि तो लेझरवाला एका टेबलावर चहा पितात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुझी आई म्हणाली, “तिला लिहा. जुन्या मशीनवर चालणाऱ्या हलक्या सिस्टिम असतात म्हणे.” हे तिला कुठून कळलं विचारलं, तर म्हणाली, “कुठेतरी ऐकलं.” ती गच्चीवर जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते हे मला ठाऊक आहे. चार कपडे वाळत घालायला कोणाला इतका वेळ लागत नाही. मी फोन करणार नाही. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, कागदावर निदान पानभर तरी जातं.

सहा वर्षांपूर्वीचा विषय मी काढत नाही. तू गिऱ्हाइकासमोर, त्या वकिलासमोर, माझ्या हातातली पाटी घेतलीस आणि म्हणालीस, “बाबा, फोन नंबर चुकलाय.” मी म्हणालो, माझ्या पाठीशी उभं राहून काम तपासायचं असेल तर या खोलीत यायचं नाही. तू खोलीतच काय, घरातही राहिली नाहीस. ती पाटी बरोबर होती. बरोबर नसती तर वकिलानं पुढच्याच आठवड्यात त्याच पाटीची दुसरी प्रत कशाला करून नेली असती? विषय काढत नाही म्हटलं आणि काढला. असो.

धंद्याचं म्हणशील तर उत्तम. लोक अजूनही एकेक पाटी दोनदा करून नेतात. मागच्या महिन्यात दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तीच मागवली. त्यांना घरीही एक लावायची आहे, असं तुझी आई सांगत होती.

तर सिस्टिम सुचव. अटी दोन. इंटरनेटची वायर मी लावणार नाही. आणि ‘आमच्या अटी मान्य आहेत का’ असं विचारणारं काहीही नको. मान्य नाहीत.

तुझा बाप. (हे पद मी सोडलेलं नाही.)


१९ जून

तुझं पाकीट मिळालं. पाकिटात पेन ड्राइव्ह, पेन ड्राइव्हवर तीन सिस्टिम आणि सोबत दोन पानं माहिती. एवढं पटकन उत्तर आलं की मनात शंकेची पाल चुकचुकली. सहा वर्षं मुलगी घरी फिरकत नाही आणि आठ दिवसांत तीन सिस्टिम तयार ठेवते. आधीपासून तयारी होती की काय?

तिन्ही लिनक्सच्या, तिन्ही फुकट. हजारो लोक फावल्या वेळात या बनवतात आणि वाटून टाकतात, असं तू लिहितेस. मी आयुष्यात फुकट एकच गोष्ट घेतली, तो दुरुस्तीवाल्याचा सल्ला, आणि त्यात काय पाणी मुरत होतं ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे. हजारो लोकांचे हात लागलेली वस्तू घरात घ्यायची, तर त्यातला एखादा हात खिशात जाणार नाही कशावरून? तू म्हणतेस की हजारो लोक बघतात म्हणूनच लबाडी लपत नाही. हे ऐकायला बरं वाटतं. बऱ्या वाटणाऱ्या गोष्टींचा मला जास्त संशय येतो.

तुझी इंग्रजी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. पहिली तो बंगला. खिडक्या, चित्रं, घड्याळ, हवामान, सगळं जुन्यासारखं. माझ्या मशीनला पेलेल पण धाप लागेल, असं तुझं मत. दुसरी म्हणजे दोन खोल्या: चित्रं कमी, एक पट्टी, चार बटणं. आणि तिसरी मोकळी खोली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, एक रेघ लुकलुकते, बस. आपण काही म्हटल्याशिवाय ती काही करत नाही.

तुझे प्रश्न मी दोनदा वाचले. एका दिवसात किती पाट्या होतात, ठीक. मजकूर कोण लिहितं, ठीक. पण ‘मशीनजवळ आणखी कोणी बसतं का’ आणि ‘अक्षरं मोठी ठेवू का’ हे कशाला हवंय तुला? माझे डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांचा डॉक्टर आणि चष्म्याचं दुकान एकाच जिन्यावर असतात, याचा अर्थ मला कळतो, म्हणून मी तो जिना चढत नाही. मशीनजवळ मी बसतो. तुझी आई खिडकीपाशी कोरलेल्या अक्षरांत रंग भरत असते, पण ती कॉम्प्युटरला हात लावत नाही, जसा मी रंगाला लावत नाही. तिला पडद्याचं भय आणि मला रंगाच्या वासानं ठसका. कामाची वाटणी पहिल्यापासून अशीच आहे.

तरी गंमत म्हणून तिला विचारलं, “तुला यातली कुठली बरी वाटते?” ती ब्रश पुसत म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं. ती काळी बरी. डोळ्यांवर येत नाही.”

मी मोकळी खोली घेतोय. तुझ्या दोन पानांत तिचं कौतुक सगळ्यात कमी आहे, म्हणजे ती तुला खपवायची नसावी. आणि ज्या खोलीत कपाटच नाही तिथे कोणी लपणार कुठे? अक्षरं मोठी ठेवायची असतील तर ठेव. मला गरज नाही, पण भांडणाला आणखी एक कारण नको.

तुझा बाप


२ जुलै

बसवली.

सगळ्या जुन्या फायली तू सांगितल्याप्रमाणे आधी बाहेर काढल्या, दोन ठिकाणी ठेवल्या. मग तुझा तो पेन ड्राइव्ह लावला. एका टप्प्यावर तो विचारतो, यावरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? मी बोट वर धरून बसलो. इतकी वर्षं या डब्यात काय काय साठलं असेल, आणि ते एका बटणावर जाणार. तुझी आई मागून म्हणाली, “दाबा आता. पाटीवर घण घालायचा असल्यासारखे काय बसलात?” दाबलं.

आता बटण दाबून मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत तो तयार असतो. धून नाही, चक्र नाही. इतका मुकाट्यानं उठतो की शेजारच्या खोलीत असलेल्याला पत्ता लागत नाही. हे मला आवडलं आणि थोडं खटकलंही. आवाज न करता घरात फिरणाऱ्या कशाचाही माणसानं विचार करावा.

तू आपल्या भाषेतले शब्द ठेवलेस, ते बरं केलंस. ‘लिही’ म्हटलं की मजकूर लिहायचा, ‘कोर’ म्हटलं की मशीनची सुई खाली येते, ‘यादी’ म्हटलं की सगळ्या पाट्यांची नावं आणि कधी हात लागला ती वेळ. माहितीत तू लिहिलं आहेस की मजकूर बदलला तर आधीची प्रतही राहते, नावापुढे लाटेसारखी खूण लागून. त्याचा मला उपयोग नाही. मी एकदा लिहिलेलं बदलत नाही. लिहिताना प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणतो, मग चूक होतेच कशी?

पासवर्ड ठेवला आहे. काय ठेवला ते तुलाही सांगणार नाही.

सगळ्यात बरा तो वर जाणारा बाण. दाबला की आपण आधी दिलेले हुकूम एकेक करून मागून पुढे येतात. पुन्हा टाइप करायला नको. नोकर असा हवा, दिलेला प्रत्येक हुकूम लक्षात ठेवणारा.

लेझरवाला परवा दारावरून गेला. मशीनचा आवाज ऐकून थबकला. त्याचा चेहरा बघून दोन दिवस बरे गेले.

तुझा बाप


११ जुलै

माझ्या कॉम्प्युटरवर कोणीतरी बसतंय.

आधी पूर्ण वाच, मग कपाळाला हात लाव. काल सकाळी मी शाळेच्या ढालीचा मजकूर लिहिला आणि कोरला. जेवलो, नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत आडवा झालो. उठून मशीनवर बसलो. शाळेला दोन ढाली हव्या होत्या, दुसरी कोरायची म्हणून वरचा बाण दाबला. ‘कोर ढाल’ यायला हवं होतं. आलं ‘यादी’. पुन्हा दाबला. ‘लिही ट्रान्सफॉर्मर’. ट्रान्सफॉर्मरवर लावायची ती ‘धोका’ लिहिलेली पाटी. तिचा मजकूर मी परवाच लिहून संपवला होता, काल तिला हात लावलेला नाही. घरात कोणी येऊन गेल्याची खूण उंबऱ्यावर नाही, खिडकीला नाही, आणि पडद्यावर मात्र दोन ओळी.

पहिला संशय तुझ्यावर. रागावू नकोस, सिस्टिम तू दिलीस, शब्द तू ठेवलेस, दार कुठे ठेवलंस ते तुलाच माहीत. दुसरा संशय वरच्या भाडेकरूवर. त्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करतात, म्हणून आम्ही त्यांना लॅबवाल्या बाई म्हणतो. त्या दुपारी घरी असतात, टपाल आत ठेवायला खालच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे आहे, आणि त्यांचा भाऊ लेझरवाल्याच्या शेजारी राहतो. माझ्या गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर लेझरवाल्याला मिळाले, तर तो घरोघरी जाऊन उभा राहील.

जिन्यात गाठून सरळ विचारलं. “बाई, दुपारी खाली येता का तुम्ही?”

“येते की. तुमचं टपाल ठेवते. का हो?”

“कॉम्प्युटरच्या खोलीत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की रक्त आता माझंच तपासावं लागणार. “काका, एकदा टपाल टेबलावर ठेवायला आत गेले होते. काळा पडदा, त्यावर एक रेघ लुकलुकतेय. मला वाटलं बंद पडलाय. त्यातलं काय चोरायचं असतं?”

“मी चोरीचं नाव काढलं नव्हतं.”

“तुमच्या चेहऱ्यावर लिहिलंय. तेही मोठ्या अक्षरात.”

संध्याकाळी तुझ्या आईनं त्यांच्याकडे जाऊन माझ्या वतीनं माफी मागितली. मला न विचारता. मी अजून त्यांना संशयाच्या यादीतून काढलेलं नाही.

पासवर्ड बदलला आहे. नवा कोणाच्या बापाला सुचणार नाही असा ठेवलाय.

तुझा बाप


१८ जुलै

तुझं पत्र चार ओळींचं. लांबून त्यात शिरता येत नाही कारण वायरच नाही, हे मान्य. पण पुढे लिहितेस, ‘जाऊ द्या ना बाबा. काम बिघडलंय का काही?’ चोरीची तक्रार करणाऱ्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे हा? काम बिघडलेलं नाही. उलट या महिन्यात एकानंही दुसरी प्रत मागितली नाही, एवढंच.

नव्या पासवर्डाचाही उपयोग झाला नाही. बाण दाबला की रोज एकदोन ओळी माझ्या नसलेल्या. रोज दुपारच्या.

आता जे लिहितो ते आईला सांगू नकोस. दोन दिवस मला तिसऱ्याच माणसाचा संशय आला. माझा. माझे वडील शेवटच्या वर्षात कुलूप लावायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, कुलूप कोणी लावलं. तेव्हा मी हसायचो. मला वाटलं, मीच उठतो, मीच बसतो, मीच लिहितो, आणि मला आठवत नाही. ढालीवरच्या मुलाचं नाव मी मनात दहादा म्हणून पाहिलं, आठवतंय का म्हणून. आठवलं. तरी झोप लागली नाही. कॉम्प्युटर गेला असता तर धंदा गेला असता, पण डोकं गेलं तर मी तुझ्या आईच्या गळ्यात पडणार. त्या विचारानं मला खरंच भीती वाटली, हे लिहून टाकतो. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

मग युक्ती केली. पितळ कोरल्यावर पडतो तो बारीक कीस कीबोर्डवर चिमटीनं भुरभुरला आणि आडवा झालो. मी स्वतः उठलो तर माझ्या बोटांना लागेल, दुसरा असेल तर त्याच्या. उठून बघतो तर माझी बोटं स्वच्छ, आणि कीबोर्ड त्याहून स्वच्छ. चोरानं पुसून ठेवला होता. दोन बटणांमधल्या फटीसुद्धा.

तुझ्या आईला विचारलं, “कीबोर्ड पुसलास का?”

“मी कशाला त्याला हात लावू? मला काय कळतंय त्यातलं.”

तर आता पक्का सापळा लावतोय. सोसायटीच्या लिफ्टची पाटी करायची आहे, ‘एका वेळी सहा माणसे’. मी मुद्दाम ‘साठ’ लिहून ठेवलंय आणि कोरलेलं नाही. लेझरवाल्याकडे मजकूर जात असेल, तर साठ माणसांची लिफ्ट त्याच्या दुकानात दिसेल आणि तो सगळ्या गावासमोर तोंडावर पडेल. डोळ्यांत तेल घालून बसलो आहे.

तुझा बाप


२७ जुलै

सापळ्याचा निकाल सांगतो. तुला तो माझ्या आधीपासून माहीत आहे, तरी सांगतो.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर लिफ्टची पाटी उघडली. ‘एका वेळी सहा माणसे’. साठ गायब. मी खुर्चीत मागे टेकलो. लेझरवाला मजकूर चोरेल, बिघडवेल, पण माझी चूक दुरुस्त करून वर कीबोर्ड पुसून जाईल, हे काही जमेना.

तेव्हा ती लाटेची खूण आठवली. ‘यादी’ म्हटलं. शेजारी लाटेची प्रत नाही अशा पाट्या बोटावर मोजण्याइतक्या. कोरीव कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक जोडी उघडून बघत गेलो. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर तक्रारीचा फोन नंबर असतो, त्यात माझ्या प्रतीत नऊच्या जागी एक. एका सन्मानचिन्हावर साल चुकलेलं. एका दाराच्या पाटीवर घर नंबर एक्क्याण्णवचा मी एकोणीस केला होता, माणूस दुसऱ्याच गल्लीत राहायला गेला असता. डॉक्टरीणबाईंची जुनी फाइल काढली, ती तर मोकळ्या खोलीच्या आधीची, माझ्या हातची, कोणी न सुधारलेली. दवाखान्याची वेळ संध्याकाळी पाच ते एक. तरीच त्यांना ‘घरीही एक लावायची’ होती. लोक माझ्याकडे एकेक पाटी दोनदा का करून नेत होते, ते मला आता कळलं. दारात गिऱ्हाइकाला कोण भेटत होतं, तेही. वकिलाच्या पाटीचं काय झालं असेल, हे बघायला मी त्याची फाइल उघडली नाही. गरज नव्हती.

मी प्रत्येक अक्षर तोंडानं म्हणतो, ते खरं आहे. तोंडानं बरोबरच म्हणत असणार. डोळे दुसरं वाचत होते. एक आणि नऊ मला भिंगाशिवाय सारखे दिसतात. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

बाणाच्या बटणाच्या कडेला लाल रंगाचा ठिपका होता. ‘धोका’च्या पाटीचा लाल. माझ्या बोटांना रंग कधीच नसतो.

काल जेवून आडवा झालो आणि घोरायचं सोंग केलं. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून बघितलं. ती माझ्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, पूर्ण टेकून नाही, बसमध्ये दुसऱ्याच्या जागेवर बसतात तशी. मांडीवर गिऱ्हाइकानं दिलेला कागद. पासवर्ड दाबताना ओठ हलत होते. कुठून कळला म्हणशील तर माझ्याच तोंडून. मी तो रोज सकाळी खिडकीपाशी ऐकू जाईल असा म्हणतो, नवा ठेवला तेव्हा तर दोनदा म्हटला. मग एका हाताचं बोट कागदावर, दुसऱ्याचं पडद्यावरच्या मोठ्या अक्षरांवर, असं करत तिनं पूर्ण मजकूर वाचला. प्रत्येक अक्षर हळू आवाजात म्हणत, अगदी माझ्यासारखं. एका ठिकाणी थांबली, दोन बटणं दाबली, पुन्हा वाचला. मग पदरानं कीबोर्ड पुसला.

म्हणून तू मुकाट्यानं सुरू होणारी सिस्टिम दिलीस. म्हणून मोठी अक्षरं, आणि मशीनजवळ कोण बसतं हा प्रश्न. तिनं काळी निवडली तेव्हा मी तिला गंमत म्हणून विचारत होतो आणि तुम्हां दोघींचं आधीच ठरलेलं होतं. मला वाटायचं मी निवडली. सहा वर्षं मी ज्या गोष्टीवरून एका माणसाला घरात राहू दिलं नाही, तीच गोष्ट माझ्या घरात रोज दुपारी चालू आहे.

मी दार ढकलून आत जाणार होतो. मग आठवलं की तू तोंडावर सांगितलंस आणि तुला जावं लागलं. तिनं सांगितलं नाही, म्हणून ती अजून इथे आहे. मी परत येऊन पडलो आणि घोरत राहिलो. या वेळी घोरताना मधेच ठसका लागला. रंगाचा वास असेल.

तिला काही बोललेलो नाही. तूही बोलू नकोस. पुढे काय करायचं ते मला ठरवू दे. तुम्ही दोघी ठरवून मोकळ्या झालात की मला कळतं शेवटी.

तुझा बाप


९ ऑगस्ट

प्रिय फूटपट्टी,

लहानपणी तू हातात फूटपट्टी घेऊन घरभर हिंडायचीस, प्रत्येक चौकट, प्रत्येक चित्र तिरकं आहे का बघत. तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं, आणि मला त्याचं कौतुक होतं. ते मी मधे विसरलो होतो. याला मात्र डोळ्यांचा दोष नाही.

आपल्या दाराची पाटी तुला आठवत असेल. तीन नावांची होती. तू गेलीस त्या आठवड्यात मी ती उतरवली आणि दोन नावांची लावली. ती आता काळी पडली आहे, म्हणून नवी करायला घेतली. सोमवारी सकाळी पितळेचा पत्रा कापला आणि मजकूर लिहिला. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसरीत तुझ्या आईचं. तिसरी ओळ मोकळी ठेवली. कोरली नाही. जेवलो आणि जाऊन पडलो. पासवर्ड सकाळी जरा मोठ्यानंच म्हटला होता.

त्या दुपारी ती बराच वेळ खुर्चीत होती. मी बघितलं नाही, फक्त ऐकलं. बटणांचा आवाज झाला, मग थांबला. परत झाला, परत थांबला. मला वाटलं, पुसते आहे. मग बराच वेळ काहीच नाही. मी तसाच पडून राहिलो आणि पहिल्यांदा मला चोराची काळजी वाटली.

चहा झाल्यावर मी मशीनवर बसलो. भिंग लावलं, फाइल उघडली. तिसऱ्या ओळीत तुझं नाव होतं. या पत्रांत मी एकदाही लिहिलं नाही ते. मी ते तोंडानं म्हटलं, एकेक अक्षर. खिडकीपाशी तिचा ब्रश थांबला.

“मजकूर तपासलात ना?” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

“तपासला,” मी म्हणालो. “एकही चूक नाही.”

मी ‘कोर’ म्हटलं. पितळ आहे, एकदा सुई खाली आली की खोडता येत नाही. संध्याकाळपर्यंत तिनं रंग भरला. तिसऱ्या ओळीला भरताना रंग थोडा बाहेर आला, तो तिनं नखानं काढला. एवढ्या वर्षांत तिचा रंग रेघेबाहेर गेलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर आमच्यात बोलणं झालं, ते सगळं लिहीत नाही. ती बरीच रडली आणि मला चार शब्द ऐकवले, ते मी ऐकून घेतले. आता ती दुपारची वाट बघत नाही. सकाळीच शेजारी स्टूल घेऊन बसते आणि मी मजकूर लिहिला की सरळ म्हणते, “नऊ.” परवा एकदा मी ‘हो, नऊच आहे’ म्हणून वाद घातला. तिनं मुकाट्यानं भिंग पुढे केलं. लॅबवाल्या बाईंची मी स्वतः जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, आता तरी डोळे तपासून घ्या. चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यापर्यंत मी जाऊन आलो आहे. चढायचं बघू.

पाटी दारावर टांगली आहे, पण स्क्रू पक्के केलेले नाहीत. माझ्या मते सरळ आहे. तुझी आई म्हणते उजवीकडे जरा खाली झुकली आहे. तिच्यावर माझा विश्वास नाही आणि माझ्यावर तिचा. समोर उभं राहून कोणीतरी नीट बघायला हवं. फूटपट्टी घेऊन ये.

बाबा